टेंभरे मिस्त्री आणि व्हिडिओतली कनकी

शेवंताबाई मेश्राम, राहणार मुर्री, तालुका गोंदिया, यांच्यावर अन्याय झाला. कधी? 2011 साली, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी बाराला पंधरा मिनिटं कमी असताना. कुठे? गोंदियाच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात, भर उजेडात, काउंटरवर. शेवंताबाईंच्या कॉम्प्युटरमधून त्यांच्या नवऱ्याचा आवाज काढून घेण्यात आला आणि भंगाराच्या खोक्यात फेकण्यात आला. रीतसर पावती फाडून, सही घेऊन.

हा मजकूर मी पत्रकासाठी लिहिला होता. वर ठळक अक्षरात मथळा होता, 'मुर्रीच्या गायकाचा आवाज कोणी पळवला?' मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. ग्राहकांच्या तक्रारींवर काम करणारा आमचा चार-पाच जणांचा गट होता, आणि पत्रक लिहिणं माझ्याकडे होतं, कारण मला राग लवकर यायचा आणि अक्षर बरं होतं. ते पत्रक त्या मथळ्याने कधीच निघालं नाही. एका माणसाने ते अडवलं. गेंदलाल टेंभरे. सगळे मिस्त्री म्हणायचे.

कोणी 'इंजिनीयर साहेब' म्हटलं की ते मागे वळून बघायचे, जणू कोणी दुसराच आलाय. "इंजिनीयर कागदावर असते जी. मी मिस्त्री." मूळचे आमगावकडचे, पोवार समाजातले. उभी हयात गोंदियाच्या एका राइस मिलमधे फिटर म्हणून गेली. धानाची गिरणी त्यांना कानाने कळायची. कुठला पट्टा सैल झाला, कुठली चाळणी फाटली, हे ते बाहेर चहा पिता पिता सांगायचे. 1999 साली मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. महिनाभरात तो बंद पडला. नागपूरचा माणूस येतो येतो म्हणत आठ दिवस आला नाही. मालक घायकुतीला आला. तेव्हा मिस्त्रींनी पेचकस घेतला, डबा उघडला, आतल्या पट्ट्या काढल्या आणि मालकाच्या मुलीच्या कंपासपेटीतल्या खोडरबराने त्यांची पितळी टोकं घासली. पट्ट्या परत बसवल्या. मशीन सुरू.

मालकाने विचारलं, "मिस्त्री, ये कहाँ सीखे?"

"कुठं शिकाचं आहे त्याच्यात? मिलमधे आहे तं धूळच बसली असन ना बापा."

तेव्हापासून खोडरबर त्यांच्या पिशवीत कायमचं आलं. पिशवी म्हणजे बारदान्याची, जाड सुतळीने शिवलेली. आत पेचकस, रंगाऱ्याचा दोन बोटी ब्रश, टॉर्च, मलमाची एक ट्यूब, आणि काळा मार्कर. मिल सुटल्यावर ते हेच काम करायला लागले. गोंदिया, आमगाव, तिरोड्यापर्यंत. सायकल रेल्वेत टाकून.

कामाची पद्धत ठरलेली. खुर्चीवर बसायचे नाहीत. डब्याशेजारी उकिडवे बसायचे आणि ताप बघावा तसा डब्यावर पालथा हात ठेवायचे. माउस घरच्याच माणसाच्या हातात. "तुमी चालवा. मी पाह्यतो. रोगी तुमचा आहे." आणि पिशवी उघडायच्या आधी दोन प्रश्न. पहिला, "का झालं?" त्याचं उत्तर लोक भडाभडा देतात. मशीन स्लो झाली, व्हायरस आला, लेकरानं काहीतरी दाबलं. मिस्त्री ते शांतपणे ऐकायचे आणि मग दुसरा प्रश्न विचारायचे, "का करता करता झालं?" इथे माणूस थांबतो. आठवायला लागतो. मिस्त्री म्हणायचे, "पयल्या प्रश्नाचं उत्तर लोकायनं आधीच ठरवलेलं असते. दुसऱ्याचं त्याईले बी मालूम नसते."

आणि शेवटची सवय, जिच्यावर ही सगळी हकिकत उभी आहे. मिलमधे धानाच्या पोत्यावर मार्का मारतात. कोणाचं धान, कुठलं, कसं. वाळलेलं असेल तर चांगलं, ओलं असेल तर कच्चं. मिस्त्री ज्या कुठल्या भागाला हात लावायचे त्यावर मार्करने तसाच मार्का मारायचे. मालकाचं नाव, गाव, आणि चांगला किंवा कच्चा. पंखा असो की हार्ड डिस्क. लोक हसायचे. डब्याच्या आत कोण वाचणार? मिस्त्री म्हणायचे, "पोतं बी फाटल्यावरच मार्का पाहाची पाळी येते."

आमगावला एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांच्याकडे मी मिस्त्रींना पहिल्यांदा पाहिलं. मी एका तक्रारीवर त्यांची सही घ्यायला गेले होते. मास्तरांच्या नातीचा पुण्याहून नाचाचा व्हिडिओ आला होता आणि तो दोन पावलं टाकून थिजायचा. मास्तर चिडलेले. "पोर नाचून राहिली का लकवा मारला, तेच समजत नाही!"

मिस्त्रींनी दुसरा प्रश्न विचारला. मास्तर म्हणाले, "काही नाही केलं. सुरक्षा वाढवली फक्त." पेपरात व्हायरसबद्दल वाचून मास्तरांनी एकाच मशीनमधे तीन अँटिव्हायरस घातले होते. मिस्त्री इतके हसले की उकिडवे होते ते खाली टेकले.

"मास्तर, मिलच्या गेटवर तीन वॉचमन उभे केले तुमी. पोतं आलं का एक उतरवून पाह्यते, दुसरा उतरवून पाह्यते, तिसरा म्हणते या दोघायलेच आधी तपासा. गाडी आत येईन कवा?"

दोन वॉचमन काढले. नात नाचली. मास्तरांनी माझ्या कागदावर न वाचताच सही केली. मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी पत्रकवाल्या का?" त्या दिवसापासून मी पत्रकवालीच.

आता शेवंताबाई.

शेवंताबाई शाळेत पोषण आहार शिजवतात. त्यांचे यजमान तुळशीरामदादा, दिवसा राइस मिलमधे कामाला. मुर्रीत, गोंदियात, आसपासच्या वस्त्यांत जयंतीचा कार्यक्रम म्हटला की तुळशीरामदादांची गायनपार्टी ठरलेली. खडा, फाटका, थेट छातीत शिरणारा आवाज. त्या वर्षी एप्रिलमधे शेवंताबाईंचा भाचा नवा कॅमेरा घेऊन आला आणि त्याने जयंतीच्या संध्याकाळचा सगळा कार्यक्रम उतरवला. घरच्या कॉम्प्युटरमधे भरून दिला आणि सांगून गेला, "मावशी, एचडी आहे हा. साधा नाही. एचडी." मग त्याने कॅमेऱ्यातलं कार्ड पुसलं आणि दुसऱ्याच्या लग्नाला गेला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं.

पावसाळ्यात दादांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. नागपूरला. जीव वाचला. आवाज गेला. पूर्ण. दादा पाटीवर लिहून बोलायला लागले, मुलीची शाळेतली जुनी पाटी होती ती.

सगळे उपचार आटोपून दिवाळीला घरी आल्यावर दादांनी पाटीवर पहिल्यांदा जे लांब वाक्य लिहिलं ते होतं, 'ते जयंतीचं लाव.' शेवंताबाईंनी लावलं. तो कॉम्प्युटर मुलीच्या शिक्षणासाठी सात वर्षांपूर्वीचा जुना घेतलेला. मुलगी नर्सिंगला नागपूरला, मशीन घरी. व्हिडिओ सुरू झाला आणि फाटला. आवाज पुढे, तोंड मागे. चित्र थिजतं, मग चार उड्या मारतं, मग आवाजही तुटतो. माझ्यासमोर घडलेलं नाही हे, पण शेवंताबाई सांगताना हाताने दाखवायच्या. दादा उठून अंगणात गेले आणि तिकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी पाटीवर परत 'लाव' लिहिलं. परत तेच. तिसऱ्या दिवशी पाटीवर काही लिहिलं नाही.

मिस्त्रींना बोलवायचं, तर मिस्त्री नव्हते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, ते बहिणीच्या गावी मंडईला गेले होते. शेवंताबाईंना दम निघेना. त्यांनी डबा चादरीत बांधला, ऑटोत मांडीवर घेतला आणि बाजारातलं दुकान गाठलं.

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "क्या हुआ?"

शेवंताबाई भाच्याचा शब्द आठवून म्हणाल्या, "एचडी अटकून राहिली जी."

"एचडी अटक रही? मतलब एचडी गई. बदलनी पड़ेगी."

"बदला मंग. पन चांगली टाका."

"एकदम चांगली. नई."

झालं. दोन माणसं, एक शब्द, दोन अर्थ. ही म्हणत होती तो व्हिडिओ, एचडी, हाय डेफिनिशन. त्याच्या काउंटरवर दिवसभर एचडी म्हणजे एकच, हार्ड डिस्क. तिला वाटलं हा नवीन काहीतरी टाकेल आणि व्हिडिओ धावेल. त्याने जुनी डिस्क काढली, नवी कोरी बसवली, सही घेतली. पैशाचं सोडा, तो भाग मी इथे लिहीत नाही. शेवंताबाई घरी आल्या, वायरी जोडल्या, दादांना हाक मारली. मशीन झर्रकन सुरू झालं. आत काही नव्हतं. मुलीच्या नोट्स नाहीत, फोटो नाहीत, जयंती नाही.

बुधवारी त्या आमच्याकडे आल्या. रडत नव्हत्या. मला तेच जास्त लागलं. बाई चुलीपुढे उभी राहून शंभर पोरांचा भात शिजवते, ती ओंजळ रिकामी दाखवावी तसे हात पुढे करून म्हणाली, "मीच बदला म्हटलं न बाई. माह्याच तोंडानं."

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. लुटारू, दरोडा, गोरगरिबांच्या काळजावर वरवंटा, सगळं त्यात होतं. गुरुवारी सकाळी छापखान्याकडे निघाले आणि रेल्वे फाटकाशी मिस्त्री भेटले, मंडईहून परतलेले, सायकलच्या हँडलला बहिणीने दिलेली अनारशांची पिशवी. मी रस्त्यातच त्यांच्यापुढे कागद धरला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. फाटक उघडलं, बंद झालं, गाड्यांनी हॉर्न मारले. मिस्त्री वाचतच होते.

"ह्यातलं 'पळवला' खोटं आहे," ते म्हणाले.

"खोटं? काका, डिस्क काढून घेतली तिची!"

"घेतली. पन पळवली नाही. त्यानं दुसरा प्रश्न नाही इचारला. चोरी वायली, न इचारनं वायलं. चोराले सोड म्हणत नाही मी. पन हा चोर नाही." मग कागद घडी करून माझ्या हातात दिला. "आन् पत्रकानं व्हिडिओ चालनार आहे का? आधी डिस्क पाहू. त्या दुकानाचं भंगार कवा उचलते?"

मला माहीत नव्हतं. लुटारू लिहिलं होतं मी, पण हे विचारलं नव्हतं. आम्ही पोचलो तोवर दुकान बंद झालं होतं. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, शुक्रवारी दुपारी, रायपूरचा माणूस येतो.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही तिघं शटरसमोर उभे होतो. शेवंताबाई शाळेत दुसऱ्या बाईला सांगून आल्या होत्या. मी पत्रक पर्समधे ठेवलं होतं, काढायची तयारी ठेवूनच.

दुकानदाराने आम्हाला बघितलं आणि तो आधीच वैतागला. "काका, पुरानी एचडी का क्या करोगे? डेड है."

"डेड हाय का जित्ती, पाहू द्या."

"खोके में पचास पड़ी है. आपकी कौनसी, भगवान जाने."

"देव कायले पायजे? मले मालूम आहे."

काउंटरखालून खोकं निघालं. मिस्त्रींनी जमिनीवर पेपर अंथरला आणि खोकं पालथं केलं. एकेक डिस्क उचलायची, अंगठ्याला थुंकी लावायची, वरची धूळ पुसायची, उलटी करायची, बाजूला ठेवायची. शेवंताबाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, तीही बघत राहिली. मी उभी होते. मी त्यांच्यापेक्षा जास्त घाबरले होते, हे आता लिहायला हरकत नाही. कारण रायपूरचा माणूस कधीकधी गुरुवारीच येतो, हे पानवाल्याने मला सांगितलं होतं आणि मी त्या दोघांना सांगितलं नव्हतं.

ढीग अर्ध्यावर आला. मिस्त्रींचा अंगठा थांबला. त्यांनी ती डिस्क परत एकदा पुसली, या वेळी शर्टाला, आणि शेवंताबाईंच्या हातात दिली. दोन वर्षांपूर्वी ते मशीन त्यांनीच साफ करून दिलं होतं. डिस्कवर काळ्या मार्करने, वळणदार, किंचित उतरतं लिहिलेलं होतं: 'शेवंताबाई. मुर्री. चांगली.'

शेवंताबाईंनी ती पदरात घेतली. दुकानदार वाकून वाचत होता. "चांगली मतलब?"

मिस्त्री उठले, गुडघे झटकले. "मतलब अच्छी. तुमनं काढली ना, ते अच्छी होती."

त्या माणसाचा चेहरा उतरला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पत्रकात मी त्याला चेहराच ठेवला नव्हता. "अम्मा ने बोला था एचडी..." तो म्हणाला आणि थांबला. मग हळूच, "एचडी वीडियो बोल रही थीं क्या?" तो आत गेला आणि शेवंताबाईंना बसायला स्टूल आणून दिलं. नवी डिस्कही त्याने परत मागितली नाही. "रखो. कॉपी के काम आएगी."

पण व्हिडिओ अजून चाललाच नव्हता! मुर्रीला जाऊन मिस्त्रींनी जुनी डिस्क जागेवर बसवली. फाईल होती. संपूर्ण. शेवंताबाईंनी लावली आणि पहिल्या मिनिटात चित्र फाटलं. आवाज पुढे, तोंड मागे. अंगणातून दादा दारापर्यंत आले होते, ते तिथेच थबकले.

मिस्त्री उकिडवे बसले. डब्यावर हात. "का झालं ते दिसलं. कवापासून?"

"पयल्या दिवसापासून."

"घरातल्या लग्नाची एखादी जुनी सीडी लावा."

ती जुनी सीडी सुरळीत चालली. "म्हंजे डिस्क चांगली, पडदा चांगला. आता याचा दम पाहू." त्यांनी पडद्यावर ती खिडकी उघडली जिथे प्रोसेसर किती राबतोय हे दिसतं, आणि जयंती परत लावायला सांगितली. हिरवी रेघ सरळ वर गेली आणि छताला चिकटली. शंभर. खाली यायचं नाव नाही.

"दादा, इकडे या जी," मिस्त्रींनी हाक मारली. "हे तुमाले समजन. व्हिडिओ म्हंजे धान. फाईलमधे ते सालीसगट भरून असते, पडद्यावर तांदूळ पायजे. भरडाचं काम ह्या डब्यातल्या प्रोसेसरचं. जुन्या सीडीत धान कमी, ह्यानं आरामात भरडलं. ह्या एचडीत पाच-सहापट धान एकाच टायमाले येऊन राहिलं. गिरनी जुनी. मंग का होते? चित्र तुटते, फुटते, सांडते. कनकी पडते."

कनकी म्हणजे भरडताना तुटलेला तांदूळ. आमच्याकडे लेकरालाही ठाऊक. दादांनी मान हलवली. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा कोणी त्यांच्याशी रोग्यासारखं न बोलता गिरणीतल्या माणसासारखं बोलत होतं.

डबा उघडला. मिस्त्री म्हणाले, "अरे बापा." पंख्याच्या खाली, जिथून हवा जायची तिथे, बोटभर जाडीचा राखाडी थर नमद्यासारखा घट्ट बसला होता. घराच्या मागे राइस मिल. मिलच्या भट्टीत भुसा जळतो आणि त्याची राखड वाऱ्यावर मुर्रीभर पडते, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, पाण्याच्या हंड्यांवर, सगळ्यांवर. दोन वर्षांत ती इथेही आली होती. (मिलच्या राखडीबद्दल आमचं वेगळं पत्रक निघालं. ते मिस्त्रींनी अडवलं नाही. उलट म्हणाले, "ह्याच्यात 'पळवला' लिहाचं असन तं लिह्य. हवा पळवलीच त्याईनं.")

"प्रोसेसर तापते, तं स्वतःच धीमा होते. जळू नये म्हनून. मानूस बी तेच करते." ब्रशने त्यांनी तो नमदा काढला, प्रोसेसरवर उष्णता खेचणारं मलम लावलं, पंखा बसवला, मार्का मारला. व्हिडिओ परत. आता बराच पुढे गेला आणि मग अडखळला. मागे चालणारे नको ते कार्यक्रम बंद केले. दुसरा, हलका प्लेअर टाकला आणि त्याच्या सेटिंगमधे जाऊन एका चौकोनातली टिकेची खूण काढली.

"हे का केलं जी?" शेवंताबाई.

"चित्राले पॉलिश मारत होता तो. बिना पॉलिशच्या तांदळाचा बी भात शिजते."

भात जवळजवळ शिजला. पण ढोलकी चढली, दिवे हलले, की अजूनही कनकी पडत होती. मी म्हटलं, "काका, एवढं चालतं की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. गाणं ऐन चढल्यावर तुटतं, तर काय चालतं?

शेवटचा उपाय त्यांनी दादांना विचारून केला. "अस्सल फाईलले हात नाही लावत. धान कोठीत तसंच राहीन. त्याच्यातून लहान चित्राची एक कॉपी भरडून घेऊ, ह्या गिरनीले पेलन अशी. वेळ लागन. चालते?"

दादांनी पाटीवर लिहिलं, 'चार महिने थांबलो.'

दुपारी बाराच्या सुमारास काम लावलं. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलाने भरत होती. शेवंताबाईंनी भात आणि वालाची भाजी केली. बहिणीचे अनारसे संपले. शेजारपाजारचे डोकावून गेले, "झालं का?" मिस्त्री भिंतीला टेकून डुलकी घेत होते, पण कान पंख्याकडे. एकदा डोळे मिटूनच म्हणाले, "दार उघडं ठेवा, गरम होऊन राहिलं." ऊन कलायला लागलं तेव्हा पट्टी भरली.

दादा खुर्चीत बसले. शेवंताबाईंनी माउस दाबला.

मी त्या आवाजाचं वर्णन करणार नाही. तो अख्खा होता, एवढंच. तोंड आणि शब्द एकत्र हलत होते. ढोलकी चढली, दिवे हलले, हिरवी रेघ अर्ध्यावर डोलत राहिली आणि काही तुटलं नाही. दादांचा हात मांडीवर ठेका धरत होता. ओठ हलत होते. शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. मिस्त्री पडद्याकडे बघतच नव्हते, ते दादांकडे बघत होते.

दुसरं कडवं संपलं आणि दादांनी हात वर केला. थांबव. आता काय? दादांनी पाटी ओढली, घाईघाईने लिहिलं आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

'पेटीवाला सुरात नाही.'

शेवंताबाई आधी हसल्या, मग खरंच रडल्या, मग ओरडल्या, "घ्या! गळा गेला तरी खोट काढूनच राहिले हे!" आणि दारातून कोणीतरी म्हणालं, "तो पेटीवाला मीच होतो न दादा!" मग जे हसू फुटलं ते मिस्त्रींनी स्वतःच्या मांडीवर थाप मारेपर्यंत गेलं. तीन दिवसांचा माझा राग त्या हशात कुठे गेला ते मला कळलं नाही. मला त्याची सवय होती, तो नसल्यावर छाती हलकी हलकी वाटत होती.

निघायच्या आधी मिस्त्रींनी अस्सल फाईल दुकानदाराच्या त्या नव्या डिस्कवर उतरवली, तिच्यावर मार्का मारला आणि शेवंताबाईंना सांगितलं, "ही बहिनीकडे ठेवा. एका घरात दोन कोठ्या नाही ठेवत. आग लागली तं दोनी जळतात."

माझं पत्रक मी घरी जाऊन नव्याने लिहिलं. मथळा होता, 'दुसरा प्रश्न विचारा.' दुकानाचं नाव नाही. लुटारू नाही. ते त्या दुकानदाराने स्वतः मागून नेलं आणि काउंटरवर चिकटवलं. नंतर मी पाहिलं, त्याच्या पावतीवर 'तक्रार' या रकान्याच्या खाली पेनाने एक रकाना वाढवला होता: 'क्या करते करते?'

मिस्त्री दोन वर्षांनी मुलाकडे दुर्गला राहायला गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आमगावच्या स्टेशनवर. मी सोडायला गेले होते, आणि खरं सांगायचं तर माझा लॅपटॉपही घेऊन गेले होते. तोही व्हिडिओ अटकवत होता. फलाटाच्या बाकड्यावर त्यांनी तो उघडला. उकिडवे बसूनच. जाळीतून टॉर्च मारला, ब्रश फिरवला, हात ठेवून ताप बघितला. गाडीची घोषणा झाली. लॅपटॉप उलटा करून त्यांनी मार्कर काढला आणि लिहिलं. माझं नाव. गोंदिया. आणि तिसरा शब्द.

'कच्ची.'

"काका, मशीन का मी?"

ते डब्यात चढले होते. पिशवी आधी आत, मग ते. खिडकीतून बघून मनापासून हसले. "वाळू दे," एवढंच ऐकू आलं, बाकीचं इंजिनाने खाल्लं. तो मार्का अजून आहे. मी पुसलेला नाही आणि वाळलेलीही नाही.

म्हणून आता तुमच्याकडे मागणी. विनंती नाही, मागणी. तुमच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमधे कोणाचा तरी आवाज पडून आहे. तो शेवटचा कधी ऐकलात? आज लावा. अटकला तर मशीनला शिव्या घालू नका, दुकानात धावू नका, डिस्क कोणाच्या हातात देऊ नका. पंख्याखाली बघा, मागे काय काय चालतंय ते बघा, आणि दुकानात जायचंच असेल तर शब्द अर्धा बोलू नका. 'एचडी' म्हणू नका. 'आमच्या दादाचं गाणं तुटतंय' म्हणा. मग त्या आवाजाची दुसरी कॉपी करा, दुसऱ्या घरात ठेवा, आणि तिच्यावर मार्करने नाव लिहा, गाव लिहा, चांगली असं लिहा. मार्कर नसेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी मार्कर घेऊन या.